पासलीच्या वाटेवरचा चिखल

माझा भाचा कॅनडात असतो. मागच्या हिवाळ्यात त्याने एक व्हिडिओ पाठवला. चार जाड चाकांची, मोटारसायकलसारख्या हँडलची एटीव्ही, तिच्या तोंडाला लोखंडी पातं, आणि दारातला बर्फ बघता बघता बाजूला! मी तो पासलीच्या मित्राला दाखवला आणि तिथून हा उद्योग सुरू झाला.

पासली वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पाऊस मात्र तोच. डांबरी रस्त्यावर माती आली तर जेसीबी येतो. पण तिथून मित्राच्या वस्तीपर्यंतची अर्ध्या किलोमीटरची कच्ची वाट कुणाच्याच यादीत नाही. वरून गाळ घसरला की ती बंद. मागच्या जुलैत काकूंना दम्याचा झटका आला तेव्हा जीप वाटेच्या तोंडाशी उभी होती, आणि आम्ही चौघे त्यांना घोंगडीच्या झोळीत घालून गुडघाभर चिखलातून चाललो होतो. काकू वाचल्या. तात्या मात्र कितीतरी दिवस त्या वाटेचं नावही काढत नव्हते.

तात्यांकडे भाताच्या चिखलणीसाठी घेतलेला १५ एचपीचा छोटा ट्रॅक्टर आहे. प्रश्न पात्याचा होता. पुढे लावायचं तर वेगळी चौकट हवी, वेगळं हायड्रॉलिक हवं, खर्च मोठा. मागे मात्र अवजारं उचलायची सोय आधीच असते. म्हणून मागचं, उलटं फिरवता येणारं पातं ठरलं. फिरवलं की रिव्हर्समध्ये माती ढकलता येते, चाकांना चिखलात आधी शिरावं लागत नाही.

भोरला माझ्या चाचांचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यांनी साडेचार फूट सांगितलं. मी व्हिडिओ पाहून शहाणा झालेलो. सहा फुटांचा हट्ट धरला. पहिल्याच पावसात चाकं जागेवर फिरली, पात्यात दगड अडकला आणि ट्रॅक्टरचा खालचा लोखंडी हात वाकला.

चाचांनी शांतपणे हिशेब मांडला. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास किंवा त्याहूनही हलका. ओली माती १८०० ते २००० किलो. "तुझा भाचा कापूस ढकलतोय बेटा, आपण पहाड ढकलतोय."

मग पातं कापून साडेचार फुटांचं केलं. तिरकं धरलं की ते जेमतेम चार फूट वाट साफ करतं, पण ट्रॅक्टरची चाकं साडेतीन फुटांत बसतात, म्हणजे पुरे. खाली दोन घसरपट्ट्या लावल्या, पातं जमिनीपासून इंचभर वर राहावं आणि वाटेचा मुरूम खरवडला जाऊ नये म्हणून. एक बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवला. दगड अडकला तर तो तुटावा, ट्रॅक्टर नव्हे. पातं उचललं की पुढची चाकं हलकी होतात, म्हणून पुढे वजन बांधलं. आणि ढीग एकदम न ढकलता वीतवीतभर कापत जायचं. मजुरी विचारली तर चाचा म्हणाले, "वाटेतला अडथळा दूर करणं सदका आहे, त्याचे पैसे कसले?"

एक प्रश्न कुठल्याच व्हिडिओत नव्हता: माती टाकायची कुठे? बर्फ उन्हाळ्यात वितळून जातो. आमची माती उताराच्या बाजूला ढकलली तर थेट भावकीच्या भातरोपांवर. आणि त्या घराशी तात्यांचं बांधावरून सहा वर्षं बोलणं नाही. शेवटी काकूच गेल्या. काय बोलल्या ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी तो पुतण्या स्वतः फावडं घेऊन आला आणि आपल्या पडीक कोपऱ्यात जागा दाखवून म्हणाला, "इथं टाका. पण आधी गटार मोकळं करा, नाहीतर पुन्हा येणारच." आम्हा शहाण्यांना जे सुचलं नव्हतं ते हे: आधी पाण्याला वाट, मग माणसाला.

तात्यांनी एक नियम मात्र कडक ठेवलाय. वरचा डोंगर हलत असेल, झाडं कलली असतील किंवा झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं असेल, तर ट्रॅक्टर काढायचा नाही, घरं सोडायची. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यात माळीण गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. तिथे पातं कामाचं नसतं.

या जुलैत वाट दोनदा बंद झाली, दोन्ही वेळा तासाभरात मोकळी झाली. दुसऱ्या वेळी ट्रॅक्टर पुतण्या चालवत होता.