ट्रेनिंग झालं, फॉर्म मात्र तोच!

पोस्ट जरा मोठी झाली आहे. निवांत वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय दिसायला आयटीवाल्यांचा आहे, पण आहे तुमच्या-माझ्या घरपट्टीचा.

मी गेली १८ वर्षं पुण्यात बिझनेस ॲनालिस्ट म्हणून काम करते. आमच्यात याला 'बीए' म्हणतात. माझ्या मावशीला अजून वाटतं की मी १८ वर्षं बीएच करतेय! काम सांगायला सोपं आहे. समोरचा माणूस जे मागतो आणि त्याला खरोखर जे लागतं, यात बरंच अंतर असतं. ते अंतर शोधायचं आणि सॉफ्टवेअर करणाऱ्यांना समजेल असं मांडायचं. काही वर्षांपासून मी याचं ट्रेनिंगही देते, 'ॲजाईल बिझनेस ॲनालिसिस' या नावाने. आधी कंपन्यांमध्ये द्यायचे. आता निमसरकारी आणि सहकारी संस्थांकडूनही बोलावणं येतं. सगळ्यांची मागणी एकच, "मॅडम, आमची संस्था ॲजाईल करून द्या. दोन दिवसांत."

दोन दिवसांत माणसाला दाढी करायला शिकवता येईल. संस्थेला चपळ करणं ही वेगळी भानगड आहे.

आधी हा शब्द आला कुठून ते बघू. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ ठिकाणी, सॉफ्टवेअर क्षेत्रातली १७ माणसं एकत्र जमली. तोवरची रीत अशी होती की आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, त्यावर सह्या घ्यायच्या, मग वर्ष-दोन वर्षं बसून सॉफ्टवेअर करायचं आणि शेवटी लोकांच्या हातात द्यायचं. हातात पडेपर्यंत गरजच बदललेली असायची. गंमत म्हणजे या पद्धतीचं पहिलं गाजलेलं चित्र विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या लेखात सापडतं, आणि असं सरळ एका दिशेने जाणं धोक्याचं आहे, हेही त्यांनी त्याच लेखात लिहिलं होतं. जगाने चित्र उचललं, इशारा तिथेच सोडला.

त्या १७ जणांनी चार मूल्यं आणि बारा तत्त्वं लिहिली. आपल्या भाषेत सांगायचं तर, थोडं करा, वापरणाऱ्याला लवकर दाखवा, त्याचं ऐका, बदला आणि पुन्हा दाखवा. आपल्याकडे चांगली सुगरणही पोह्यांचं पूर्ण पातेलं उतरवायच्या आधी चिमूटभर चाखून बघतेच की.

पुढे याचा धंदा झाला. सर्टिफिकेटं आली, पदं आली. आमच्या बीए लोकांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आयआयबीए. तिने ॲजाईल पद्धतीने विश्लेषण कसं करावं याची सात तत्त्वं मांडली आहेत. पूर्ण चित्र बघा, ग्राहक होऊन विचार करा, मोलाचं काय ते ठरवा, खऱ्या उदाहरणांवर बोला, शक्य काय ते समजून घ्या, एकत्र काम करत सुधारत राहा आणि वाया जाणारं टाळा. सातही तत्त्वं चांगली आहेत. मी ती मनापासून शिकवते. पण ती शिकलेला माणूस सोमवारी आपल्या टेबलावर परत जातो तेव्हा काय होतं, त्याबद्दल आज लिहायचंय.

एका निमसरकारी संस्थेत ३४ जणांचं दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं. संस्थेचं नाव घेत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती. पहिल्या दिवशी मी एक सराव देते. प्रत्येकाने कार्डावर आपल्या कामातली एक गरज लिहायची, ठरलेल्या साच्यात: "मी अमुक म्हणून मला तमुक हवंय, म्हणजे मला अमकं करता येईल." आमच्या भाषेत यूजर स्टोरी. सगळी कार्डं भिंतीवर लागली. मी वाचत गेले. "मी विभागप्रमुख म्हणून मला मासिक अहवाल हवा." "मी उपायुक्त म्हणून मला प्रलंबित प्रकरणांची यादी हवी." "मी लेखापाल म्हणून..." संपूर्ण भिंतीवर "मी नागरिक म्हणून" असं एकही कार्ड नव्हतं.

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना एक काम दिलं: एका अर्जदाराच्या मागे मागे चालायचं, मदत करायची नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं.

खिडकीवर बसणाऱ्या एक ताई होत्या. त्या एका वयस्कर बाईंच्या मागे गेल्या. नवरा वारला, घरपट्टीवर आपलं नाव लावायचं, एवढंच काम. मृत्यूचा दाखला होता, वारसांची कागदपत्रं होती. तरी अर्ज परत आला. कशासाठी? थकबाकी नसल्याचा दाखला जोडला नव्हता म्हणून. तो मिळतो कुठे? त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. वर गेल्यावर कळलं, दाखल्याची फी भरायची खिडकी तळमजल्यावर. फी भरून पुन्हा वर. साहेब मीटिंगला, उद्या या.

दुपारी ताईंनी हे सगळ्यांसमोर सांगितलं आणि मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, थकबाकी आहे की नाही ते माझ्याच स्क्रीनवर दिसतं. मिळकत क्रमांक टाकला की येतं."

खोली एकदम गप्प. मी विचारलं, "हे कधीपासून दिसतं?"

"सॉफ्टवेअर आलं तेव्हापासून. सात वर्षं झाली."

"मग दाखला का मागतो आपण?"

"फॉर्ममध्ये लिहिलंय ना."

पूर्वी नोंदी वहीत असायच्या, तेव्हा या दाखल्याला अर्थ होता. वही गेली, कॉम्प्युटर आला, दाखला राहिला. आणि ही गोष्ट त्या खोलीतल्या निदान दहा जणांना आधीपासून माहीत होती!

संध्याकाळपर्यंत गटाने एक पानी प्रस्ताव लिहिला: फॉर्ममधली ही एक ओळ काढा. विभागप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. ग्रुप फोटो झाला.

पाच महिन्यांनी मी ताईंना फोन केला. फॉर्म तोच होता. आयटी विभाग म्हणाला, सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं आहे, फॉर्म बदलायचा तर वेगळी मागणी आणि वेगळी खर्चाची मंजुरी लागेल. प्रशासन म्हणालं, नमुना वरून मंजूर झालेला आहे. लेखा विभाग म्हणाला, दाखल्याची फी बंद झाली तर ऑडिटला काय सांगायचं? तिघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. फाईल फिरत होती. संस्थेच्या अहवालात मात्र नोंद झाली होती, 'ॲजाईल प्रशिक्षित कर्मचारी: ३४'.

ताईंनी आपल्यापुरता मार्ग काढला होता. म्हातारी माणसं आली की त्या वर फोन करायच्या आणि शिपायाकरवी दाखला खाली मागवून घ्यायच्या. मला त्यांचं फार कौतुक वाटलं, आणि काळजीही. कारण ताईंची बदली झाली की ही सोय संपली.

आता कुणी म्हणेल, सरकारी काम असंच असतं. नाही हो, असंच असलं पाहिजे असं नाही.

अमेरिकेच्या एफबीआयचं उदाहरण घ्या. यापेक्षा बंदिस्त सरकारी खातं कुठलं असेल? त्यांनी तपासाच्या फायली कॉम्प्युटरवर आणायला एक प्रकल्प केला. सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये तो गुंडाळला. २००६ मध्ये दुसरा सुरू केला, नाव सेंटिनल. तोही रखडला. २०१० मध्ये त्यांनी बाहेरच्या कंपनीच्या हातातून कामाचा ताबा स्वतःकडे घेतला, छोटा गट केला, दोन-दोन आठवड्यांचे टप्पे पाडले आणि झालेलं काम दर टप्प्याला दाखवायला सुरुवात केली. जुलै २०१२ मध्ये सेंटिनल सगळीकडे सुरू झालं. लोक याला ॲजाईलचा विजय म्हणतात. मला त्यात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. काय बदलायचं हे ठरवण्याचा अधिकार काम करणाऱ्यांच्या जवळ आला. रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर लावणं हे त्यानंतरचं.

आणि एवढं लांब कशाला जायचं? आपल्याच महाराष्ट्रात १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीची मांडणी, अभिलेख कक्ष, लोकांना माहिती मिळण्याची पद्धत, सगळं नव्याने लावलं. कायदे तेच, कर्मचारी तेच. स्नोबर्डची बैठक व्हायला तेव्हा अजून जवळजवळ वीस वर्षं होती! राज्यभर त्याचं नाव झालं, 'लखिना पॅटर्न'. पुढे पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' राबवली, तर लोक त्याला 'दळवी पॅटर्न' म्हणू लागले.

या दोघांबद्दल मला आदरच आहे. पण एक प्रश्न मनातून जात नाही. आपल्याकडे प्रत्येक सुधारणेला साहेबांचंच नाव का लागतं? कारण आपल्यालाही आतून माहीत असतं की हे साहेबांचं आहे, कार्यालयाचं नाही. साहेबांची बदली झाली की पॅटर्न फोटोत जातो. चपळ माणसं आपल्याकडे कधीच कमी नव्हती. दर तालुक्यात एखादा तलाठी, एखादी ग्रामसेविका, एखादे मुख्याध्यापक अशा चार वाटा शोधून लोकांची कामं करत असतात. संस्था चपळ आहे असं मी तेव्हा म्हणेन, जेव्हा खिडकीवरच्या ताईंनी दाखवलेली चूक ताई नसतानाही दुरुस्त राहील.

खासगीवाल्यांनी इथे हसू नये. हिंजवडीत रोजची पंधरा मिनिटांची बैठक पाऊण तासाची हजेरी झालेली मी पाहिली आहे. टीमचा वेग मोजायचा आकडा थेट अप्रेझलमध्ये गेला की लोक कामाचे अंदाज फुगवतात, बस्स. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने अकराशेहून जास्त ॲजाईल पदं एका फटक्यात काढून टाकली. हे काम आता इंजिनिअरिंगच्या नेहमीच्या भूमिकांतच सामावेल, असं त्यांचं म्हणणं. कर्ज काढून सर्टिफिकेटामागे धावणाऱ्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावं. पद जाऊ शकतं. समोरच्याचं ऐकून नेमकी अडचण ओळखण्याचं कसब मात्र कुठेही चालतं.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो रास्त आहे. "मॅडम, सरकारी नियम असे रोज बदलले तर उद्या कुणीही कुणालाही नियम वाकवून देईल." अगदी खरं. ज्याची ओळख नाही, त्याला नियमाचाच आधार असतो. म्हणून माझं म्हणणं नियम वाकवा असं नाहीच. नियम सगळ्यांसाठी, उघडपणे आणि लवकर दुरुस्त करा. शिपायाकरवी दाखला मागवणं ही ताईंची माणुसकी झाली. फॉर्ममधली ओळ काढणं हा सगळ्यांचा हक्क झाला.

हक्कावरून आठवलं. आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळाली पाहिजे, नाही मिळाली तर अपील करता येतं, दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. चांगला कायदा आहे, वापरा. पण मुदत मोजायला सुरुवात होते ती परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. त्या वयस्कर बाई दाखल्यासाठी वर-खाली फिरल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, ते दिवस कुठल्याच आकड्यात नाहीत. अर्ज स्वीकारल्यावर काम वेळेत झालं की डॅशबोर्डवर हिरवा दिवा. खरा त्रास तर त्याच्या आधीच संपलेला असतो!

केंद्राने २०२० मध्ये मिशन कर्मयोगी आणलं, ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू झाले. प्रशिक्षण हवंच. माझं पोटही त्यावरच चालतं. पण किती जणांनी कोर्स पूर्ण केला एवढंच मोजलं, तर आपल्या हाती ग्रुप फोटोच उरतील.

म्हणून आता कुठलीही संस्था ट्रेनिंगला बोलावते तेव्हा मी आधी तीन गोष्टी विचारते. तुमच्या नगरसेवकाला, सोसायटीच्या कमिटीला, पतसंस्थेच्या संचालकांना तुम्हीही विचारा.

१. खिडकीवरून कामाशिवाय परत गेलेल्या माणसांची नोंद तुम्ही ठेवता का?

२. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने सुचवलेला शेवटचा बदल कोणता, आणि तो व्हायला किती दिवस लागले?

३. सॉफ्टवेअरच्या करारात छोट्या दुरुस्त्यांची तरतूद आहे का, की एक ओळ काढायलाही नवी मंजुरी लागते?

तिन्हींची उत्तरं नसतील तर मी सांगते, आधी ही उत्तरं शोधा, ट्रेनिंगचं नंतर बघू. दोन संस्थांनी यावर मला परत फोन केला नाही. एकीने केला. तिथे आता परत गेलेल्या माणसांची वही ठेवतात, साधी शंभर पानी. पहिल्या महिन्यातच कळलं की एकाच कागदासाठी सगळ्यात जास्त लोक परत जातात. त्या कागदाचं काय करायचं यावर चर्चा सुरू आहे. बघू.

तुमच्याही भागात असा एखादा दाखला असेल, जो त्याच कार्यालयाने द्यायचा आणि त्याच कार्यालयाला द्यायचा. कोणता, ते खाली लिहा. कर्मचाऱ्यांची नावं घेऊ नका, कागदाचं नाव लिहा. यादी झाली की संबंधितांपर्यंत पोहोचवायचं काम माझं.