वजनकाटा

आमच्या दवाखान्यात खुर्चीच्या आधी लागतो तो वजनकाटा. "दाढ काढायला वजन कशाला, डॉक्टर?" असं बऱ्याच आया विचारतात. "असेल वीसेक किलो," असं सांगून मोकळ्याही होतात. काट्यावर उभं केलं की भरतात पंधरा.

हा फरक किरकोळ नाही. बधिर करायच्या दोन टक्के लिग्नोकेनच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असतं, आणि मुलाला किलोमागे जास्तीत जास्त ४.४ मिलिग्रॅम चालतं. म्हणजे १५ किलोच्या पोराला ६६ मिलिग्रॅम, जेमतेम ३.३ मिलिलिटर. दोन मिलिलिटरच्या दोन सिरिंज भरून टोचल्या की मर्यादा ओलांडलीच. मोठ्या माणसाला त्याच दोन सिरिंज सहज पचतात. म्हणून "सगळ्या किडक्या दाढा आजच उरकून टाका" हा आग्रह मी ऐकत नाही. औषध जास्त झालं की मूल चुळबुळ करतं, बडबडतं, ओठ थरथरतात, पुढे झटके येतात. कधी मात्र ते नुसतं पेंगुळतं आणि आईला वाटतं, चला, झालं एकदाचं शांत!

मला खुर्चीतलं रडणं चालतं. रडणाऱ्याचा श्वास कानांनीच कळतो. मुलांचं हृदय सहसा आपणहून थांबत नाही; आधी श्वास अडतो, मग हृदय हरतं. त्यात लहान मुलाला किलोमागे प्राणवायू लागतो मोठ्यांच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे हाताशी वेळ थोडा. भोकाड पसरलेलं पोर मध्येच गप्प झालं तर ड्रिल खाली ठेवून मी आधी ओठांचा रंग आणि छाती पाहते. स्टीलची कॅप बसवताना जिभेमागे गॉजचा पडदा असतोच. लाळेत भिजलेली कॅप बोटातून कधी सुटेल, नेम नाही.

ॲलर्जीचा मोठा झटका क्वचितच येतो, पण त्या घाईत भागाकार सुचत नाही. म्हणून ॲड्रेनलिनच्या डब्यावर चिकटपट्टी लावून तक्ताच लिहिलाय: १५ किलो, ०.१५ मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ऑक्सिजन सिलेंडरची चावी सिलेंडरलाच दोरीने बांधलेली. (ती ड्रॉवरमध्ये ठेवणाऱ्याला आमच्याकडे माफी नाही.)

अशा प्रसंगांचा सराव करताना १०८ ला पत्ता सांगायची वेळ आली की मदतनीस ताईंची बोबडी वळायची. आता फोनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत पत्ता आहे, खुणेच्या देवळासकट. खाली ताईंनीच भर घातलीय: लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, जिन्याने या.