टी-लहर एकटी वाचू नये

आरोग्य तपासणीच्या अहवालात ईसीजीच्या कागदावर यंत्राने छापलेली ‘टी-लहर उलटी’ ही नोंद धडधाकट माणसाचीही झोप उडवते. माझे म्हणणे असे, की नुसत्या आकारावरून टी-लहर निरोगी की रोगट हे ठरत नाही. ती कोणत्या लीडमध्ये (हृदयाकडे पाहण्याच्या कोनात), कसल्या क्यूआरएसमागून आणि कोणाच्या छातीवर उमटली, हे पाहावेच लागते. जवनिकांचा स्नायू उद्दीपित होतो (कागदावर क्यूआरएस) तो आतून बाहेर. पूर्वपदावर यायला (कागदावर टी-लहर) मात्र बाहेरचा थर आधी सुरुवात करतो. दिशा उलट, विद्युतभारही उलट, म्हणून टी-लहर बहुधा क्यूआरएसच्याच बाजूला झुकते. हे पूर्वपदावर येणे संथ असते, त्यामुळे निरोगी टी सावकाश चढते आणि झपकन उतरते. पहिल्या-दुसऱ्या लीडमध्ये आणि व्ही४ ते व्ही६ मध्ये ती सुलटी हवी, एव्हीआरमध्ये उलटी. तिसरी लीड आणि व्ही१ यांत दोन्ही चालते. उंची हातापायांच्या लीडमध्ये ५ आणि छातीच्या लीडमध्ये १० मिलिमीटरपर्यंत, असे शिकवतात. पण छातीच्या लीडमध्ये ठेंगण्या क्यूआरएसशेजारी ६ मिलिमीटरची रुंद, फुगीर टी मला अस्वस्थ करते. तिथे मर्यादेत बसली एवढे पुरत नाही. लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉकमध्ये, म्हणजे डाव्या जवनिकेकडचा विद्युतमार्ग अडलेला असताना, तर सगळे फिरते: मुख्य क्यूआरएस वर असेल तिथे टी खाली जाणे अपेक्षितच.

व्ही१ ते व्ही३ मधली उलटी टी लहान मुलांत नेहमीची असते, आणि काही जणांत, विशेषतः तरुण स्त्रियांत, ती प्रौढपणीही टिकते. फिनलंडमधल्या १० हजारांहून अधिक मध्यमवयीन लोकांच्या सरासरी ३० वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. या तीन लीडपुरती उलटी टी असलेल्या ५४ जणांत मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही. इतर लीडमध्ये ती उलटी असलेल्यांत मात्र वाढलेला होता. ५४ हा आकडा लहान आहे, आणि घराण्यात तरुणपणी अचानक मृत्यू झाले असतील किंवा रुग्णाला चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल तर पुढच्या तपासण्या टाळू नयेत. तरीही जागेला अर्थ आहे, एवढे यातून नक्की दिसते.

यावर आक्षेप येतो, तो रास्तही आहे: कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता एवढा विचार कोण करणार? ठरीव मर्यादा पाळल्या तर निदान हार्ट अटॅक तरी सुटणार नाही. पण ठरीव मर्यादांतूनच तो सुटतो. वेलेन्स आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले, की छातीतली कळ थांबल्यावर काही रुग्णांच्या व्ही२-व्ही३ मधली टी खोल उलटते आणि हृदयाच्या पुढच्या भागाची मुख्य धमनी गंभीररीत्या अरुंद झालेली असते. निरोगी तरुणीची उथळ उलटी टी त्याच लीडमध्ये असते. दोन्हींतला फरक खोलीवरून, आकारावरून आणि रुग्णाच्या हकिकतीवरून कळतो. याहून फसवी गोष्ट म्हणजे आधीच उलटी असलेली टी कळ सुरू असताना सुलटी होणे. तो कागद एकटा पाहिला तर नॉर्मल वाटतो, आणि नेमका तोच धोक्याचा असतो. तो ओळखायचा तर शेजारी जुना ईसीजी हवा, नाहीतर काही मिनिटांच्या अंतराने पुन्हा काढलेला. म्हणून तब्येत ठणठणीत असताना काढलेला एक ईसीजी प्रत्येक प्रौढाने जपून ठेवावा; त्याचा कागद उष्णतेने छापलेला असतो आणि काही वर्षांत पुसट होतो, तेव्हा त्याच दिवशी झेरॉक्स काढावी किंवा मोबाइलवर स्पष्ट फोटो घ्यावा.