मोखाड्याच्या वाटेवरची जुनी जीप

त्र्यंबकेश्वरहून मोखाड्याकडे निघालात की तोरंगण घाटात गाडीचे खरे वय कळते. एसटीने जात असाल तर खिडकीशी बसा आणि उतारावरची नाचणी-वरईची वावरे बघा. जुनी जीप घेऊन जात असाल, तर मात्र चालकासमोरच्या लाल दिव्यावर डोळा ठेवा. आम्ही तो ठेवला नाही.

जीप आमच्या दाजींची, महिंद्राची, डिझेलवर चालणारी. खोडाळ्याजवळच्या पाड्यावर राहणाऱ्या दाजींना या जीपचा फार अभिमान. बियाणे-खताची पोती तीच आणते आणि रात्री-अपरात्री कुणी आजारी पडले की जव्हारच्या दवाखान्यात तीच नेते. त्या संध्याकाळी गाडीत आम्ही नऊ माणसे होतो. अंधार पडला तसे दिवे पिवळे झाले, मग काजव्याएवढे उरले. अशा जुन्या डिझेल इंजिनाला चालत राहायला वीज लागत नाही, म्हणून गाडी थांबली नाही एवढेच. पुढे बॅटरीचा झोत दाखवत एकजण चालला आणि मागून आम्ही.

सकाळी मिस्त्रींनी निदान केले, अल्टरनेटर गेला. अगदी जुन्या जीपना डायनामो असे. इंजिन मंद चालले की तो फारसा भरत नसे. अल्टरनेटर मंद चालीवरही बॅटरी भरतो. त्यात तयार झालेली उलटसुलट वीज आतले डायोड सरळ करतात. आमचे डायोड जळले होते आणि गुंडाळीही काळी पडली होती.

दाजी जव्हारला गेले, मीही बरोबर. जव्हार म्हणजे मुकण्यांचे जुने संस्थान. उंचावर असल्याने हवा गार. गावाबाहेर जयविलास राजवाडा आहे. तो बघायचा राहिलाच, कारण दाजींचे लक्ष दुकानांवर. एका दुकानात १२ व्होल्टचा अल्टरनेटर मिळाला. पट्ट्याची चाकी तशीच, बसवायचे कानही तसेच. भावही बेताचा. दाजी खूश!

मिस्त्रींनी तो हातात घेतला, उलटा केला आणि खाली ठेवला.

"दाजी, याला मागं पंप कुठाय?"

मंडळी, हीच गोम आहे. कित्येक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीलाच व्हॅक्यूम पंप असतो. ब्रेकला जोर देणारी हवेची ओढ तोच तयार करतो, आणि त्याला तेल पुरवणारी नळीही वेगळी असते. पंप नसलेला अल्टरनेटर बसवला तर दिवे झकास लागतील, बॅटरीही भरेल. पण घाटात ब्रेक दगडासारखा कडक लागेल. नऊ माणसे भरून उतरताना दोन्ही पायांनी दाबला तरी गाडी वेळेवर थांबेल याचा भरवसा नाही. दाजींचा चेहरा उतरला. घासाघीस करून त्यांनी माल परत केला. तशी घासाघीस मी जन्मात पाहिली नव्हती!

मग जुना अल्टरनेटर पोत्यात घालून एसटीने नाशिक गाठले. तुम्हीही असेच करा. जुना भाग सोबत न्यावा, तोंडी वर्णनावर जाऊ नये. कान, चाकीची रेघ, फिरण्याची दिशा, पंप, तेलनळीची जागा, सारे समोरासमोर जुळवावे. चाकी सूतभर जरी बाहेर राहिली तरी पट्टा खातो. जास्त अँपिअरचा घेतला तर बॅटरीकडे जाणारी तारही जाड घालावी. रेग्युलेटर आत आहे की बाहेर, तेही विचारावे. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधी सोडू नये, नवे डायोड तिथेच जळतात.

तिसऱ्या दुकानात जोड मिळाला. किंमत पहिल्यापेक्षा बरीच जास्त होती, पण दाजी एक अक्षर बोलले नाहीत.

बसवून झाल्यावर मिस्त्रींनी बॅटरीला मीटर लावला, काटा १४ व्होल्टच्या आसपास स्थिरावला. मग इंजिन बंद करून त्यांनी दाजींना ब्रेक चार-पाच वेळा दाबायला लावला. पॅडल कडक झाले. "आता पाय तसाच दाबून ठेवा नि गाडी चालू करा." इंजिन धडधडले आणि दाजींच्या पायाखाली पॅडल किंचित खाली सरकले.

"बसा," दाजी म्हणाले, "घाटातून एक फेरी मारून येऊ."