पोळ्याच्या बैलजोडीसाठी कापड

कार्तिक-मार्गशीर्षात तुम्ही कधी मुकुटबनहून झरी जामणीला आलात, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरंशुभ्र दिसेल. आमच्याकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. बोंडं फुटली की सगळं शिवार पऱ्हाटीचंच होतं. यवतमाळ जिल्ह्याचा हा दक्षिणेकडचा कोपरा. झरी आणि जामणी अशी दोन गावं, तालुक्याचं नाव मात्र दोन्हींचं मिळून. पलीकडे पैनगंगा आणि नदीपलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. त्यामुळे बाजाराच्या दिवशी मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा चार भाषा एकाच वेळी कानावर पडतात.

इतका कापूस पिकवणाऱ्या या गावात कशिद्याला साजेसं कापड मात्र मिळत नाही. मैत्रिणींनो, हसू नका. कापूस इथून जिनिंगला जातो, सरकी वेगळी होते, रुईची गाठ बांधली जाते आणि ती दूर निघून जाते. एक गाठ 170 किलोची. तिच्यासाठी जवळजवळ पाच क्विंटल कापूस लागतो, म्हणजे किती बायांची किती दिवसांची वेचणी! पुढे कुठल्या तरी गावी सूत निघतं, इचलकरंजी-भिवंडीसारख्या ठिकाणी मागावर चढतं आणि कापड होऊन पुन्हा आपल्याकडे विकायला येतं. आमच्या शेजारच्या काकू म्हणतात, "कापूस आमी पिकवाचा, अन् हातभर कापड आनाले वणीले जा लागते!"

तर आम्हीही वणीलाच गेलो. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई. निमित्त होतं पुतणीच्या रुखवताचं. रुखवत आता बहुतेक विकतच आणतात. तयार घ्यायचं, मांडायचं आणि चार दिवसांनी माळ्यावर टाकायचं. पण या पोरीनं एकच वस्तू मागितली होती, पोळ्याच्या बैलजोडीचं क्रॉसस्टिचचं मोठं चित्र, सासरच्या बैठकीत लावायला. झूल, बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा आणि वर तोरण. आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली बैल उभे करून झडत्या म्हणतात, ते ती लहानपणापासून बघत आलेली. जावई पुण्याचे. "तिथं बैल कुठले दिसणार, काकू?" असं ती म्हणाली आणि जाऊबाईंनी लगेच होकार देऊन टाकला.

होकार देणं सोपं असतं, हिशेब अवघड. शाळेतले आलेखाचे कागद एकमेकांना जोडून मी चित्र उतरवलं तेव्हा ते रुंदीला 280 आणि उंचीला 210 घरांचं झालं. एकूण घरं 58,800. क्रॉसस्टिचमध्ये मागची जागा मोकळी सोडता येते हे बरं. भरायची घरं मोजली तर साधारण 24,000 निघाली. सवयीचा हात तासाला शंभर-सव्वाशे फुल्या घालतो, म्हणजे दोनशे तास तरी हवेत. रोज दोन तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर एकटीला चार महिने. लग्न तुळशीच्या लग्नानंतर. त्या सुमारास वेचणी सुरू होते आणि शेतकऱ्याच्या घरात बाईला सुई धरायला फुरसत नसते. म्हणून काम पोळ्यापर्यंत संपवायचं आणि सुरुवात फाल्गुनातच करायची, असं ठरलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बऱ्याच जणींचा यात गोंधळ होतो. चित्र मोठं म्हणजे काम जास्त, असं नाही. काम ठरतं फुल्यांच्या संख्येवर. आकार ठरवतं कापड. इंचाला 14 घरं असलेल्या कापडावर आमचं चित्र 20 इंच बाय 15 इंच झालं असतं. इंचाला 11 घरं असतील तर तेच चित्र, तितक्याच फुल्यांत, साडेपंचवीस बाय एकोणीस होतं. जाऊबाईंची पंचेचाळिशी उलटली आहे, संध्याकाळच्या दिव्यात त्यांना बारीक घर दिसत नाही. शिवाय पोरीला चित्र मोठं हवं होतं. तेव्हा 11 घरांचं कापड घ्यायचं हे घरूनच ठरवून निघालो. तुम्हीही दुकानात जाऊन ठरवू नका. दुकानात पाहिलेलं प्रत्येक कापड चांगलंच वाटतं.

मुकुटबन, कायर करत एसटी वणीला पोचते. मुकुटबनच्या आसपास सिमेंटचा चुनखडक आणि वणीजवळ कोळशाच्या खाणी, म्हणून रस्त्यावर ट्रकच ट्रक. पांढरं कापड आणायला जाताना पदर काळा करून घेण्याची ही जागा. परतताना कापड पिशवीत दुहेरी गुंडाळून आणावं लागतं, हे सांगून ठेवते.

क्रॉसस्टिचसाठी तयार 'आयडा' कापड मिळतं. त्यात घरं आखल्यासारखी सरळ असतात. पण ते महाग पडतं आणि आमच्याकडे मोठ्या तुकड्यात सहज मिळत नाही. पार्सलने घरपोच मागवता येतं, ठाऊक आहे. पण कापडाला हात लावल्याशिवाय, दोन धागे उसवून बघितल्याशिवाय घ्यायचं, हे मला अजून जमत नाही. आम्ही दुसुती घेतली, जिला दुकानदार मॅटी म्हणतात. उभे दोन धागे, आडवे दोन धागे, एकाखालून एकावरून. आमच्या भागातले कोलाम बांबूच्या कामात वाकबगार आहेत. त्यांचं तट्टं कधी जवळून पाहा, पट्ट्यांची अशीच खालीवर वीण दिसेल. दुसुती म्हणजे सुताचं तट्टंच.

दुकानात चार ताके उघडले. पहिला ताका गुळगुळीत, चमकदार. दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणत होता. जाऊबाईंनी कडेचे दोन धागे मागून घेतले आणि बाहेर येऊन काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो आणि हलकी राख पडते. हा आक्रसला आणि त्याची टणक काळी गोळी झाली. म्हणजे मिलावट. अशा कापडावर सुई सरकते छान, पण चुरगळा पडला की बसत नाही आणि टाका घट्ट धरत नाही. ताका परत.

दुसरा पांढराशुभ्र. घरं सुरेख, पण बैल पांढरे! वर्धा-नागपूरकडचे गवळाऊ बैल पांढरेच असतात. पांढऱ्यावर पांढरा बैल काढला तर भिंतीवर नुसती झूल आणि शिंगं लटकलेली दिसतील. रंगसंगती म्हणतात ती हीच. चित्रात सर्वांत जास्त जागा ज्या रंगाची, तो रंग कापडावर उठून दिसला पाहिजे. म्हणून आम्ही बदामी, न धुतलेल्या कोऱ्या कापडावर आलो. त्यात मधूनमधून सरकीच्या टरफलाचे काळे-तपकिरी कण दिसतात. दुकानदाराला वाटलं, आम्ही ते बघून नाकं मुरडू. आम्हाला ते ओळखीचे होते. जाऊबाई तर म्हणाल्या, "हे आपल्याकडचंच दिसतंय." मोठे कण सुईच्या टोकानं उपसून निघतात, बारीक राहिले तरी शेताच्या चित्रात खपून जातात.

बदामी दोन प्रकारची निघाली. एकात घरं उभी-आडवी दोन्हीकडे बरोबर 11. दुसऱ्यात रुंदीला 11 आणि लांबीला साडेदहा. घरं मोजताना एक इंच मोजू नका, चार इंच मोजा आणि चारने भागा, म्हणजे अर्ध्या घराचा फरकही कळतो. कुणीही पहिलंच कापड घेतलं असतं. आम्ही दोन्हींचं पाव-पाव मीटर घेतलं आणि घरी आलो. दुकानदारानं तोंड वाकडं केलं, पण दिलं.

घरी दोन्ही तुकडे रात्रभर पाण्यात भिजवले. सकाळी पाण्यावर खळ तरंगत होती. साबणानं धुतले, सावलीत वाळवले, हलकी इस्त्री केली आणि पुन्हा मोजले. दुकानात चौकोनी असलेलं पहिलं कापड आता रुंदीला 11 आणि लांबीला 12 झालं होतं. दुसरं, साडेदहाचं, दोन्हीकडे 11! कारण साधं आहे. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात. पाणी लागलं की ते सैल पडून आटतात, म्हणून कापड बहुधा लांबीत जास्त आटतं, रुंदीत कमी. पहिल्या कापडावर आमचं चित्र एकोणीस इंच उंच व्हायच्या जागी साडेसतरा इंच झालं असतं. दीड इंचानं चेपलेले बैल! आणि हे कळलं असतं कधी? काम झाल्यावर, धुतल्यावर, चौकटवाल्याकडे नेताना.

पुढच्या खेपेला दुसऱ्या ताक्यातलं एक मीटर आणलं. पन्हा 36 इंच होता. चित्राची रुंदी पन्ह्यात बसवली, म्हणजे कापडाचे काठ डाव्या-उजव्या बाजूला आले. चारी बाजूंना तीन-तीन इंच मोकळे ठेवायचे, कारण चौकटवाला कापड मागे ओढून बसवतो. म्हणजे 32 बाय 25 इंच. हिशेबानं पाऊण मीटरही पुरतं, पण उरलेला तुकडा रंग आणि टाके बघायला कामी येतो.

दोऱ्याचं थोडक्यात सांगते. अँकरची लडी 8 मीटरची आणि सहा पदरी असते. 11 घरांच्या कापडावर तीन पदर घेतले तर कापड झाकलं जातं, दोन घेतले तर मधून बदामी डोकावतं. तीन पदरांत एका लडीत हजाराच्या आसपास फुल्या होतात. आमच्या बैलांची पांढरी घरं सात हजारांच्या वर होती, म्हणून पांढऱ्या नऊ लड्या एकदमच घेतल्या. नंतर आणलेल्या लडीची छटा जरा वेगळी निघते, आणि बैलाच्या पाठीवर पट्टा उठतो. झुलीचा लाल दोरा मात्र ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबून बघितल्याशिवाय वापरू नका. रंग सुटला तर बैल गुलाबी.

कापडाच्या कडा मशीनवर दुमडून शिवल्या. मग घडी घालून मध्य काढला आणि मध्यापासून दर दहा घरांवर फिक्या निळ्या दोऱ्यानं उभा-आडवा धावदोरा घातला. ठिपक्यांच्या रांगोळीला आधी ठिपके पाडतो ना, तसंच. पेन्सिलीनं आखू नका, ती निघत नाही. यात तीन दुपारी गेल्या. तीन दुपारी फुकट गेल्या असं जाऊबाईंना वाटत होतं, पण आता दोघी दोन टोकांना बसून भरतो तेव्हा कुणाला घरं मोजत बसावं लागत नाही.

दोघींनी एकच काम करायचं तर एक नियम पाळावा लागतो. खालचा टाका डावीकडून उजवीकडे चढता, वरचा उतरता, दोघींचाही तसाच. एकीचा उलटा पडला तर त्या भागावर उजेड वेगळा चमकतो आणि लांबूनही सांधा दिसतो. धारवाडकडच्या कसुतीत धागे मोजूनच भरतात, त्यातल्या अशा फुलीला 'मेंथी' म्हणतात, मेथीच्या दाण्यावरून. नाव गोड आहे, आम्हीही तेच घेतलं. "आज किती मेथ्या झाल्या?" असं आम्ही एकमेकींना विचारतो. बोथट टोकाची 24 नंबरची सुई ठेवा, टोकदार सुई धाग्यातच घुसते.

दुपारी दोन ते चार आम्ही पडवीत बसतो. वीज गेली तरी तिथला उजेड पुरतो. काम थांबवलं की रिंग काढून ठेवायची, नाही तर गोल वळ कायमचा पडतो. कापडाची घडीही घालायची नाही. आमच्याकडे जुनं लांब लाटणं होतं, त्यावर जुन्या मऊ सुती लुगड्याचा तुकडा गुंडाळला आहे आणि त्यावर काम गुंडाळून पिशवीत. डावा बैल जाऊबाईंचा, उजवा माझा. सध्या जाऊबाईंचा बैल पुढे आहे, त्याची दोन्ही शिंगं आणि बाशिंग पूर्ण झालंय.