बिननंबरी मजला

लिफ्टमध्ये वरच्या मजल्यांना आकडे आहेत. याच्या वाट्याला नुसतं 'पी' आलं. दारावर पाटी नाही, कारण दारच नाही. पोस्टमन रोज याच्यापाशी थांबतो, पण याच्या नावाचं पत्र कधी आणत नाही. आणि चार मजले, सोळा बिऱ्हाडं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, सगळं याच्या डोक्यावर.

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये आमची आत्या राहते, त्या इमारतीचा हा पार्किंगचा मजला. तिथे त्याला कोणी पार्किंग म्हणत नाही, 'नीचे' म्हणतात. आजोबा कुठे? नीचे. चेंडू कुठे गेला? नीचे. आत्याच्या मराठीतही तो 'नीचे'च आहे. तिच्याकडे 'खाली' हा शब्द आता रिकाम्या डब्यापुरता उरलाय.

त्याच्या आधी तिथे बंगला होता. 1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. वकिली, रेल्वे, गन कॅरेज फॅक्टरी अशा निमित्तांनी आलेल्या मराठी कुटुंबांनी इथे घरं केली, त्यांतलाच एक. कौलारू, फाटकाशी कण्हेर, आणि रस्त्याकडे तोंड करून बसलेला व्हरांडा. व्हरांड्यातल्या खुर्चीवरून येणारा-जाणारा दिसायचा आणि त्यालाही आपण दिसायचो, त्यामुळे चहाची भांडी कायम दोन कपांनी जास्त विसळावी लागायची. नव्वदीच्या सुरुवातीला बंगला पाडला आणि हा उभा राहिला.

अंगाने सडपातळ. अठरा खांब, मी मोजलेत. प्रत्येकाला कमरेपर्यंत काळे-पिवळे पट्टे, त्यावर गाड्यांनी घासून काढलेले पोपडे. उंचीला बेताचा, उडी मारली तर तुळईला हात लागतो. अंगाला वास पेट्रोलचा, ओल्या फडक्याचा आणि चौकीदाराच्या विडीचा. कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक बजाज स्कूटर आहे. तिचा मालक कधीच गेला, मुलगा बंगळुरात आहे, पण जागा सोडायला कोणी तयार नाही. या मजल्यावर जागा माणसापेक्षा जास्त जगते.

चौकीदार बुंदेली बोलतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने 'काय बड्डे?' असं विचारलं आणि मला वाटलं मराठीच माणूस. तिथे 'काय' म्हणजे 'का'. 'बड्डे' म्हणजे मोठा भाऊ, मित्र, अनोळखी माणूस, जो समोर असेल तो.

बिननंबरी असला तरी कामाला याच्याइतकं कोणी नाही. सकाळी दुधाच्या पिशव्या, दुपारी पापड-कुरडया, संध्याकाळी क्रिकेट. चेंडू गाडीला लागला की बॅट्समन आउट आणि गाडी आत्याची असेल तर खेळ बंद. भाद्रपदात दोन गाड्या रस्त्यावर काढून तिथे गणपती बसतो. संक्रांतीचं हळदीकुंकूही तिथेच. आणि लिफ्टमध्ये तिरडी मावत नाही, म्हणून शेवटचा निरोपही इथेच. गेल्या तीस वर्षांत या इमारतीतून जे जे गेले, ते काही वेळ याच्या फरशीवर टेकून गेले.

याच्या जन्माचं कारण सोपं आहे. आपल्याकडच्या बहुतेक शहरांत पार्किंगची जागा बांधकामाच्या हिशेबात धरत नाहीत. महाराष्ट्रात त्या हिशेबाला एफएसआय म्हणतात, मध्य प्रदेशात एफएआर. गाड्यांना जागा द्यायची सक्ती आणि दिलेली जागा मोजायची नाही, मग ती कोण देणार नाही? दिल्लीच्या 2021 च्या मास्टर प्लॅनने खांबांवरच्या मजल्याखाली एका मोटारीसाठी 28 चौरस मीटर धरले आहेत, वळायच्या वाटेसकट. 2015 च्या पंतप्रधान आवास योजनेत शहरातल्या सगळ्यात गरीब कुटुंबाचं घर 30 चौरस मीटरपर्यंतचं होतं. मोटार आणि गरीब यांच्यात दोन चौरस मीटरचा फरक. एवढ्यात संडास तरी बसेल.

जबलपूरला मोटारीचं प्रेम असणं साहजिकच आहे म्हणा. याच गावाने लष्करासाठी जीप बांधली आणि तिला स्वतःचं नाव दिलं. जोंगा, म्हणजे जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या शब्दांची आद्याक्षरं. व्हेइकल फॅक्टरीत शक्तिमान ट्रक व्हायचे. पण त्या कारखान्यातला माणूस सायकलवर कामाला जायचा.

आता या मजल्याचा स्वभावदोष सांगतो. रस्त्याशी त्याचं पटत नाही. गाडी आत यावी म्हणून याने फुटपाथवर उतार टाकलाय. शेजारच्यानेही टाकलाय, त्याच्या शेजारच्यानेही. त्यामुळे फुटपाथ आता सलग उरलेलाच नाही. चार पावलं वर, चार खाली. गोलबाजारचं दत्तमंदिर आत्याच्या घरून चालत सात-आठ मिनिटांवर. गुरुवारी ती पूर्वी चालत जायची. एकदा अशाच एका उतारावर पाय मुरगळला, तेव्हापासून नातू स्कूटरवर सोडतो. स्कूटर मंदिरापुढे फुटपाथवरच लागते, हे वेगळं सांगायला नको. शिवाय त्या वाटेवर आता बघायचं तरी काय? दोन्ही बाजूंना इमारतींची पोटं; अंधार, जाळीचं फाटक, आत गाड्यांचे दिवे. जिथे ओटा होता, खिडकी होती, 'काकू, कुठे निघालात?' होतं, तिथे आता 'गेट के सामने गाड़ी खड़ी न करें' आहे. या मजल्याचे नवे भाऊबंद तर याहून धिप्पाड. पुण्या-मुंबईकडच्या टॉवरांना तीन-तीन, चार-चार मजल्यांचं पोडियम असतं. पहिलं माणसाचं घर पाचव्या मजल्यावर. तिथून रस्त्यावरच्या भाजीवाल्याला हाक मारून बघा.

पण त्याचा खरा दोष पायात आहे, आणि तो जबलपूरने दाखवून दिला.

22 मे 1997. पहाटेचे चार वाजून वीस-एकवीस मिनिटं. नर्मदा-सोन खोऱ्याच्या पोटातला जुना भ्रंश सरकला. 5.8 तीव्रतेचा धक्का, चाळीसच्या आसपास माणसं गेली. खेड्यांतली मातीची घरं पडली, तसं होतंच. अभियंत्यांनी डोळे विस्फारले ते शहरात. हिमगिरी नावाच्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्याच्या एका बाजूला भिंती होत्या, दुसरी बाजू पार्किंगसाठी मोकळी. मोकळ्या बाजूचे खांब फुटले, काँक्रीट गळून सळ्या वाकल्या. वरच्या मजल्यांवर मात्र भिंतींना तडे, एवढंच. कारण वरचे मजले विटांच्या भिंतींनी घट्ट होऊन एखाद्या पेटीसारखे एकसंध हलतात, आणि सगळं डुलणं खालच्या बिनभिंतीच्या खांबांना सोसावं लागतं. या मजल्याचं इंग्रजी नाव स्टिल्ट. स्टिल्ट म्हणजे गोंड पोरं पावसाळ्यात चिखलातून ज्या बांबूंवर चढून चालतात, ती गेडी. गोंड राणी दुर्गावतीच्या मुलखात इमारतींनाही गेडीवर चढवलं. फरक एवढाच की गोंड पोराला पडायच्या आधी उडी मारता येते.

चार वर्षांनी भूजच्या भूकंपात अहमदाबादेतल्या अशाच इमारती कोसळल्या. मग 2002 च्या भारतीय मानकाने सांगितलं, असा मोकळा मजला ठेवायचाच असेल तर त्याचे खांब आणि तुळया अडीचपट जोर धरून बांधा. मदनमहालजवळचा बॅलन्सिंग रॉक, दगडावर तोललेला दगड, 1997 च्या त्या पहाटे ढळला नाही, हे जबलपूरकर छाती फुगवून सांगतात. तो निसर्गाने बांधलाय, त्याला ठेकेदार नव्हता.

आमचा बिननंबरी 1997 च्या आधीचा. त्या पहाटे सगळी इमारत त्याच्यातूनच बाहेर पळाली आणि तो उभा राहिला. सकाळी सात खांबांवर रेघा दिसल्या. महिन्याभरात गिलावा झाला, त्यावर काळे-पिवळे पट्टे आले. रेघा गेल्या नाहीत, झाकल्या.

म्हणून मला त्याचा राग येत नाही. ज्याने त्याला पाय दिले त्याने सळ्या मोजून दिल्या, आणि ज्यांना त्याने वाचवलं त्यांनी रंग दिला.

पुढच्या रविवारी सोसायटीची बैठक आहे, नीचेच. विषयपत्रिकेत एक विषय: दुसऱ्या मोटारीला जागा कोणाला. आत्याच्या सहीने मी दुसरा घातलाय: खांबांची तपासणी. चिटणीसांनी तो 'वेळ उरल्यास' या सदरात टाकला आहे. तुमची इमारत 2002 च्या आधीची असेल आणि खाली नुसते खांब असतील, तर तुमच्या बैठकीत तो पहिला घ्या.