मोरगावच्या माळावर, मोकळ्या हातांनी

बारामती तालुक्यातले मोरगाव म्हटले की लोकांना अष्टविनायक आठवतो. आमचा जथा मात्र कऱ्हेकाठच्या माळासाठी गेला होता. विहारातल्या रविवारच्या वर्गाची बारा मुलेमुली, दोन पालक आणि मी, असे पुण्याहून सासवड, जेजुरी करीत एस.टी.ने पोचलो. खेळायचे होते जिओकॅशिंग.

एकाने डबा लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश कळवायचे आणि इतरांनी जीपीएसच्या आधाराने तो शोधायचा, असा हा खेळ आहे. डब्यात वही असते. तीत नाव व तारीख लिहून डबा होता तसा ठेवायचा. नागरिकांच्या जीपीएसमध्ये अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर यांनी पहिला डबा लपवला. आमचा डबा एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात, त्याला विचारूनच ठेवलेला होता. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात असले काही करायचे नाही, हे मुलांना आधीच बजावले होते. तिथे चिंकारा आहेत.

डबा सापडण्याची काळजी नव्हती, पंचाईत हातांची झाली. एका हातात मोबाईल, दुसऱ्यात पाण्याची बाटली, आणि पुढे बाभळीचे काटे, निसटते दगड, बांध. ओघळ उतरताना एका मुलाचा मोबाईल दगडावर आपटून काच तडकली. मग सगळे बाभळीखाली बसलो आणि मोबाईल अंगावर कसा बांधावा याची चर्चा रंगली.

गळ्यात दोरी अडकवली तर वाकताना मोबाईल हेलकावे खातो, आणि दोरी फांदीत अडकली तर गळ्याला फास. कमरेच्या पाकिटात तो सुरक्षित राहतो. पण आपलेच शरीर उपग्रहाचे संकेत अडवते, आणि दर वेळी बाहेर काढावा लागतो. दंडाला बांधला तर घामाने पट्टा सरकतो. सगळ्यांत सोयीची जागा निघाली खांद्याजवळची, पाठपिशवीच्या पट्ट्यावर. तिथे वर आकाश मोकळे आणि मान वळवली की पडदा दिसतो. एका मुलीच्या आईने जुन्या जीन्सचा खिसा कापून तिथल्या तिथे पट्ट्यावर शिवून दिला. सुईदोरा त्यांच्या बटव्यात होताच! बाजारातल्या लोहचुंबकाच्या झाकणाच्या पाकिटापेक्षा हा खिसा बरा, कारण चुंबकाने मोबाईलमधले होकायंत्र बिघडते. नकाशा घरूनच उतरवून घ्यावा. जीपीएसला मोबाईलची रेंज लागत नाही, नकाशाला लागते.

हात मोकळे झाले तसे प्रत्येकाने काठी घेतली. दगडाखाली हात घालण्याआधी काठीने चाचपावे, साप-विंचू असतो.

काठी पाहून मला आपल्या येसकराची आठवण झाली. गावची शीव कुठे, वाट कुठली, हे आपल्या आजा-पणजाला तोंडपाठ असे. शिवेच्या तंट्यात त्यांची साक्ष घेत. अंमलदार आला की त्याला वाट दाखवायची, आणि त्याचे ओझेही डोक्यावर वाहायचे. सगळ्या शिवाराचे ज्ञान ज्यांच्याजवळ, त्यांचे हात मात्र कधी रिकामे नसत. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या या गुलामीविरुद्ध विधेयक आणले; वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यान्वये. हे सांगताना मुले गप्प झाली होती. मग एकीने विचारले, "पगार किती मिळायचा?" बलुते आणि थोडी वतनी जमीन, एवढेच.

डबा सापडला तो निवडुंगाआड, दगडांच्या ढिगात. शेवटच्या दहा पावलांत मोबाईल काही कामाचा नव्हता. तो पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतो. तिथे डोळेच लागतात.

परतताना वाटेत भेटलेल्या एका वडीलधाऱ्या बौद्ध गृहस्थांनी विचारले, "आमच्या वतनी रानाची हद्द यावर निघंल का?" नाही निघणार, असे मी सांगितले. पाच मीटरमध्ये अख्खा बांध गिळला जातो, आणि त्यावरून भावकीत डोकी फुटतात. मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातच करावा. आता ते रोव्हर यंत्राने मोजतात, त्यात फरक सेंटीमीटरचा असतो. अर्जासोबत सातबारा जोडावा, फी भरल्याची पावती जपून ठेवावी आणि मोजणीच्या दिवशी स्वतः बांधावर हजर राहावे.